तीन रेडकू, सहा भाकड म्हशी आणि देवनारची गाडी: गोरेगावच्या तबेल्यातले एक प्रकरण

हे प्रकरण कुठल्याही एका मालकाचे नाही. गोरेगाव-जोगेश्वरीच्या तबेल्यांत जी मांडणी दिसते तिच्यावरून ते बेतले आहे, आणि जनावरांचे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. नियम, मापे आणि चुका मात्र खऱ्या आहेत.

तबेला ४८ म्हशींचा. बहुतेक मुऱ्हा, काही मेहसाणा, दोन-तीन जाफराबादी. मालकाची पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाकडे थोडी जमीन आहे. भाकड, म्हणजे दूध आटलेल्या, म्हशी आणि वाढती पारडी तो तिथे ठेवतो, आणि हीच गोष्ट त्याला इतर तबेलेवाल्यांपेक्षा वेगळे करते. मुंबईच्या तबेल्यात नर रेडकू सहसा जगतच नाही. दोन महिने रोज तीन-सव्वातीन लिटर दूध पाजायचे म्हणजे दोनशे लिटर होते. घाऊक दर ८० रुपये धरला तरी सोळा हजार रुपये पारड्याच्या पोटात जातात. मग चीक अर्धवट पाजला जातो, जंताचे औषध चुकते, आणि पारडू महिन्याभरात दगावते. या मालकाने तीन रेडकू वाढवले होते. जुलैत त्यांची वये २४ ते २६ महिने होती.

प्रश्न एकदम तीन आले. दावणीचा जुना रेडा चार वर्षे झाली, त्याच ठिकाणी आहे, त्याच्या जागी कोण? उरलेल्या दोघांचे काय? आणि आटलेल्या सहा म्हशींपैकी देवनारच्या कत्तलखान्यात कोण जाणार? मालकाने दलालाला बोलावून गाडी ठरवलीही होती. दलाल सहाही म्हशी आणि दोन रेडकू एकाच खेपेत न्यायला तयार होता. ही घाई थांबवणे हे पहिले काम होते.

आधी कायदा, कारण निवडीचा क्रम तोच ठरवतो

महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा १९७६ चा. त्यातली १९९५ ची दुरुस्ती राष्ट्रपतींच्या संमतीनंतर मार्च २०१५ मध्ये लागू झाली आणि गाईबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही राज्यात बंदी आली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी कायम ठेवली. राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले. म्हणून मुंबईच्या हॉटेलात आज जे स्थानिक ‘बीफ’ किंवा ‘बफ’ ताटात येते ते म्हशीचे किंवा रेड्याचे असते.

या कायद्याच्या परिशिष्टातल्या म्हैसवर्गीय जनावराला कत्तलीचा दाखला लागतो, आणि तो कधी द्यायचा नाही हे कलम ६ मध्ये लिहिले आहे. जनावर ओढकामाला किंवा शेतीला परवडणारे असेल, नर पैदाशीला परवडणारा असेल, मादी दुधाला किंवा विण्याला परवडणारी असेल, किंवा पुढे तशी होण्याची शक्यता असेल, तर दाखला नाही. म्हणजे पैदाशीची निवड आधी करायची, आणि तिच्यातून जे उरते तेच मांसाचे जनावर. तबेल्यात हा क्रम नेमका उलटा होतो. दलालाचा फोन आला की गाडी भरायची आणि मग उरलेल्यातून रेडा निवडायचा.

ज्या देशांत मांसासाठीच गुरे पाळतात तिथे वळूची निवड वेगळी असते. अँगस किंवा हेअरफोर्डचा वळू घेताना त्याच्या वासरांचे जन्मवजन, वर्षाच्या वयाचे वजन, पाठीच्या स्नायूचे क्षेत्रफळ, स्नायूंतली चरबी हे आकडे पाहतात. आपल्याकडे म्हशीची मांसाची जातच नाही. रेडा दुधासाठी निवडायचा आणि त्याच्या नर पिलांची वाढ पदरात पडेल ती घ्यायची. अर्थात तिकडेही आटलेल्या दुभत्या गाई शेवटी खिम्यालाच जातात, ही बाब फारशी कुणी बोलत नाही.

तीन रेडकू

दावणीच्या क्रमांकावरून त्यांना अकरा, चौदा आणि एकोणीस म्हणू.

मालकाच्या मनात चौदा भरला होता. काळाभोर, चकाकता, मानेला भरलेला, तिघांत सर्वांत मोठा. काटा नव्हता, म्हणून फितीने मोजले. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागे घ्यायचा. लांबी खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंत. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १०,८४०, सर्व मापे सेंटीमीटरमध्ये. उत्तर किलोत येते. जनावर सपाट जमिनीवर चारी पायांवर सरळ उभे हवे आणि पोट नुकतेच भरलेले नको, नाहीतर फितीत वीस-पंचवीस किलोंचा फरक सहज पडतो.

चौदा: घेर १७२, लांबी १३०, वजन ३५५ किलो. अकरा: १६८ आणि १२८, म्हणजे ३३३ किलो. एकोणीस: १६३ आणि १२६, म्हणजे ३०९ किलो.

चौदा आणि एकोणीस यांच्यात ४६ किलोंचा फरक डोळ्यांत भरतो. पण चौदा ७९० दिवसांचा होता आणि एकोणीस ७३०. जन्माचे वजन ३४ आणि ३२ किलो वजा केले तर चौदाची वाढ रोजी ४०६ ग्रॅम, एकोणीसची ३७९. अकराची ३९५. फरक २७ ग्रॅमांवर आला. शिवाय चौदा गव्हाणीच्या दाराकडच्या टोकाला बांधलेला होता. सरकी पेंड आणि चुणीची पाटी तिथून सुरू व्हायची, त्यामुळे त्याला नेहमी दोन मुठी जास्त. रक्ताचा गुण आणि गव्हाणीचा गुण वेगळा काढायचा तर तिन्ही रेडकू सारख्या चाऱ्यावर, एकाच ठिकाणी ठेवायला हवे होते. ते झाले नव्हते. म्हणून वजनाला या निवडीत कमी गुण दिले.

रेड्याला दूध येत नाही, त्यामुळे त्याची आई पाहावी लागते. इथे वही कामी आली. तबेल्यात पंधरा दिवसांतून एकदा दोन्ही वेळचे दूध मोजून आणि फॅट काढून लिहिलेले होते.

चौदाच्या आईच्या एकाच वेताची, म्हणजे एकदा व्याल्यावरच्या दुधाची, नोंद होती, २,९०० लिटर. आकडा तिघींत सर्वांत मोठा. ती हरियाणातून गाभण आणलेली, म्हणजे चौदाचा बाप कोण ते कळायला मार्ग नाही. त्या वेतानंतर ती चारदा उलटली, म्हणजे रेडा लावूनही पुन्हा माजावर आली, गाभण राहिलीच नाही आणि विकली गेली. अकराच्या आईची तीन वेते, सरासरी २,४५० लिटर, फॅट ७.२, दोन वेतांतले अंतर साडेतेरा महिने. एकोणीसच्या आईची चार वेते, सरासरी २,३०० लिटर, फॅट ७.४, अंतर तेरा महिने. ती दर वेळी पहिल्या किंवा दुसऱ्या माजाला लागली.

एका वेताच्या मोठ्या आकड्याला भुलू नये. ताजी व्यायलेली म्हैस परक्या तबेल्यात येते तेव्हा तिच्यामागे विक्रेत्याने महिनाभर खुराक ओतलेला असतो. तीन-चार वेतांची सरासरी जनावराचे खरे काय ते सांगते. म्हशीत तर दुधाइतकेच वेळेवर गाभण राहण्याला मोल आहे. लक्षण न दाखवणाऱ्या मुक्या माजामुळे एकेक चक्र, म्हणजे २१ दिवस, हातचे जात राहते आणि तेवढे दिवस भाकड चारा घालावा लागतो.

नंतर हाताने तपासणी. तिघेही आदत, पक्का दात कुणाचाच आलेला नाही. अडीच ते तीन वर्षांच्या दरम्यान पहिली जोडी यायची, म्हणजे वयाच्या नोंदी जुळल्या. वृषणांचा घेर फितीने सर्वांत रुंद जागी घेतला. दोन्ही वृषणे खाली ओढून धरायची, अंगठा मध्ये घालायचा नाही. घातला तर ती फाकतात आणि माप फुगते. अकरा २४.५ सेंमी, एकोणीस २४, चौदा २०.५. चौदाचे डावे वृषण उजव्यापेक्षा लहान आणि पिठाच्या गोळ्यासारखे मऊ लागले. निरोगी वृषण दाबल्यावर टणक पण लवचीक लागते. गोवंशाच्या वळूंचे तक्ते इथे लावायचे नाहीत, रेड्याची वृषणे मुळातच लहान असतात. पण एकाच गोठ्यातल्या, जवळजवळ एकाच वयाच्या तिघांत सर्वांत वजनदाराची वृषणे सर्वांत लहान निघावीत, याला दुसरा अर्थ नाही. चौदा पैदाशीतून बाद.

पाय तिघांचे ठीक. चौदाचे मागचे खूर थोडे लांबले होते, ते ओल्या काँक्रीटवर उभे राहून. एकोणीसच्या म्यानाची, म्हणजे लिंगावरच्या आवरणाची, कातडी आखूड, पोटाला चिकटलेली, हे चांगले. लोंबते म्यान गोठ्याच्या चिखलात घासते आणि सुजते.

मग अकरा का नाही, हा मालकाचा रास्त प्रश्न होता. आई चांगली, अंग चांगले. अडचण बापाची. अकरा हा जुन्या रेड्याचाच मुलगा, आणि त्या रेड्याच्या नऊ मुली वाड्यावर माजावर येण्याच्या बेतात होत्या. अकरा त्यांच्यावर सोडला तर सावत्र भावंडांचा संकर, पिलांत आंतरप्रजननाचा गुणांक, म्हणजे नात्यातल्या संकराचे माप, १२.५ टक्के. जुना रेडाच ठेवला तर बाप-लेकीचा संकर, २५ टक्के. याचा परिणाम एका दिवसात दिसत नाही. पारडी किरकोळ जन्मतात, जास्त मरतात, उशिरा माजावर येतात, आणि मालक वर्षभर खुराक बदलत बसतो. एकोणीस मात्र कृत्रिम रेतनाच्या कांडीपासून, म्हणजे गोठवलेल्या वीर्याच्या नळीपासून, झालेला. कांडीवरचा रेड्याचा क्रमांक वहीत चिकटवून ठेवला होता, आणि त्या रेड्याचे दुसरे पिलू गोठ्यात नव्हते.

निर्णय एकोणीस. तोही अजून कच्चाच. गर्भपात घडवणाऱ्या ब्रुसेला रोगासाठी रक्ताची तपासणी आणि क्षयाची त्वचाचाचणी त्याच आठवड्यात केली. त्वचाचाचणीत मानेवर केस काढून कातडीची जाडी मोजतात, इंजेक्शन देतात आणि ७२ तासांनी पुन्हा मोजतात. ४ मिलिमीटर किंवा जास्त वाढ म्हणजे बाधित. एकोणीस दोन्हींत निर्दोष निघाला. ब्रुसेलाची लस पारड्यांना ४ ते ८ महिन्यांच्या वयात देतात, नरांना देत नाहीत. हौसेने रेड्याला लस टोचली तर वृषणे सुजू शकतात आणि पुढे रक्ताची चाचणीही फसवते.

अकरा मांसाला जाऊ शकत नव्हता. तो पैदाशीला परवडणारा नर आहे, फक्त या गोठ्यासाठी नाही. त्याच्याही चाचण्या करून तो जिथे जुन्या रेड्याची पिले नाहीत अशा गावी रेडा म्हणून द्यायचे ठरले. जुना रेडा सात वर्षांचा, अजून कामाचा. त्याचीही वाट तीच. चौदाच्या बाबतीत मात्र लहान-मऊ वृषण, आईचे उलटणे आणि बापाचा पत्ता नसणे हे कागदावर होते, म्हणून त्याच्या दाखल्याला अडचण नव्हती.

सहा भाकड

इथे सर्वांत जास्त चुका होतात, कारण ‘भाकड’ हा शब्द सहा वेगवेगळ्या अवस्थांना एकच नाव देतो.

पहिली, पाचव्या वेताची. मालकाच्या मते रिकामी. गुदमार्गातून हात घालून तपासली तर तीन महिन्यांची गाभण. म्हशी रात्री माजावर येतात, दिवसा लक्षण दाखवत नाहीत, आणि रेडा मार्चमध्ये दोनदा सुटला होता. गाभण जनावर कापण्यास २००१ च्या कत्तलखाना नियमांनी मनाई आहे. देवनारला ती परत फिरली असती, भाडे अंगावर पडले असते. तपासणीत हुकली असती तर दहा महिने दहा दिवसांच्या गर्भकाळातले तीन महिने पोटात घेऊन मेली असती. वाड्याला रवाना.

दुसरी, नवव्या वेताची. दात झिजून हिरडीला टेकलेले, कडबा चावून थुंकणारी, दूध शेवटच्या वेतात निम्म्यावर. तपासणीत रिकामी. ही देवनारला.

तिसरी, चौथ्या वेताची, काससुजीने दोन सड बंद. दाखल्यासाठी पात्र, पण ११ दिवसांपूर्वी तिला ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन दिलेले होते. त्याच्या वेष्टनावर मांसासाठी २८ दिवस थांबा असे लिहिलेले असते. म्हणजे आणखी १७ दिवस थांबायचे. दुधासाठी हे दिवस मोजणारे तबेलेवाले भेटतात, मांसासाठी मोजणारे क्वचितच. जनावर गाडीत चढले की ते आपले नाही असा समज. इंजेक्शनची तारीख वहीत नसेल तर बाटली विकत घेतल्याच्या बिलावरून तरी काढावी.

चौथी, दुसऱ्या वेताची, तीनदा उलटलेली. माजाचा सोट, म्हणजे योनीतून येणारा चिकट स्राव, गढूळ, पांढरट धागे. गर्भाशयाचा दाह. बरा होणारा आजार आहे. धुऊन, औषध देऊन एक माज सोडायचा आणि पुढच्याला भरवायचे, म्हणजे रेडा किंवा कांडी लावायची. तरुण म्हैस उलटते म्हणून विकणे हा तबेल्यातला सर्वांत महाग सौदा. घेणारा दलाल तिलाच बरी करून सहा महिन्यांनी गाभण म्हणून दुसऱ्या तबेल्यात दुप्पट भावाने उभी करतो.

पाचवी जाफराबादी, पावसात ओल्या लादीवर पाय फाकून घसरलेली, खुब्याला मार. उठते पण मागचा पाय टेकत नाही. अशी म्हैस गाडीत चढवताच येत नाही. प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला तिला मिळणार नाही, आणि मिळू नये. वाळूची जागा, दोन्ही मागचे पाय सैल दोरीने जवळ बांधणे, दर चार तासांनी कूस बदलणे. पंधरा दिवसांत पाय टेकला तर पुढचा विचार.

सहावीला आजारच नव्हता. दुसरे वेत, फेब्रुवारीत आटली, उन्हाळाभर माज दाखवला नाही. म्हैस ही दिवस लहान होऊ लागले की माजावर येणारी. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत तिचा खरा हंगाम. जुलैत रिकामी असणे हा तिचा दोष नाही. वाड्याला, जंताचे औषध आणि खनिज मिश्रण देऊन.

म्हणजे दलालाच्या आठ जनावरांपैकी लगेच जाण्याजोगी दोन निघाली: नवव्या वेताची म्हैस आणि चौदा.

गाडी आणि पुढचे मांस

१९७८ च्या वाहतूक नियमांप्रमाणे एका ट्रकमध्ये सहाहून जास्त मोठी जनावरे नाहीत, तळाला काथ्याची चटई किंवा लाकडी फळ्या, एक सोबती माणूस, दुसरा माल नाही, तोंडे शक्यतो इंजिनाकडे. २०१६ पासून प्रत्येक म्हशीला २ मीटर बाय १ मीटर जागा लागते. काळी कातडी आणि कमी घर्मग्रंथी, त्यामुळे म्हैस उन्हात लवकर धापा टाकते. पहाटे निघावे, चढवण्याआधी अंगावर पाणी मारावे. चढवायला उतरंड हवी. शेपूट पिरगाळून चढवलेले जनावर मांसात ते दाखवते: धडपडीत स्नायूंतली साखर संपते, कापल्यावर आम्ल तयार होत नाही, सामू (pH) ५.५ च्या आसपास उतरायचा तो ६ च्या वर राहतो. मांस काळसर, चिकट, लवकर वास मारणारे. म्हशीचे मांस आधीच गडद. त्यात हा दोष खाटकालाही उशिरा कळतो.

देवनारचा कत्तलखाना महापालिकेचा, १९७१ पासूनचा. तिथे पोचल्यावर विश्रांती, पाणी आणि कापण्यापूर्वीची तपासणी. नियमाने एक पशुवैद्य तासाला १२ हून जास्त जनावरे तपासू शकत नाही, दिवसाला ९६. तपासणी घाईत होऊ नये म्हणून ही मर्यादा आहे. कापल्यानंतर लसिका गाठी, फुप्फुसे आणि यकृत उघडून पाहतात; दलदलीचे गवत खाणाऱ्या म्हशींच्या यकृतात चपटे कृमी निघाले तर यकृत बाद होते.

चौदाचा उतारा, म्हणजे कातडे, डोके, पोट काढल्यावर उरणारे वजन, निम्मा धरला तर साडेतीनशे किलोंतून १७५ किलोंच्या आसपास. म्हातारीचा त्याहून कमी, शेकडा ४५ च्या जवळ, कारण कातडे, डोके आणि पोट यांचाच भार मोठा. दोघांची चरबी पांढरीच, पण वापर वेगळा. दोन वर्षांच्या कट्ट्याचे, म्हणजे तरुण रेड्याचे, मांस फिकट आणि कोवळे; त्याचा अंडरकट आणि मांडीचे तुकडे हॉटेलांत आणि वांद्रे-माहीमच्या रोस्टला जातात. नऊ वेते झालेल्या म्हशीच्या स्नायूंतले तंतू घट्ट विणले गेलेले असतात. ते भाजून मऊ होत नाहीत, रात्रभर मंद आचेवर शिजल्यावर सुटतात. म्हणून नळीचे मांस भेंडी बाजारातल्या निहारीला आणि बाकीचे खिम्याला. दलाल दोन्ही एकाच भावाने मागत होता. चौदाला वेगळा भाव मागायला हवा होता आणि तो मिळालाही, कारण या वेळी वय, वजन आणि औषधाचा हिशेब कागदावर होता.

नंतरची वही

तिसरी म्हैस १७ दिवसांनी गेली. चौथीचा सोट दुसऱ्या माजाला काचेसारखा स्वच्छ आला. सकाळी माज दिसला, संध्याकाळी भरवली. जाफराबादीने बाराव्या दिवशी पाय टेकला.

एकोणीसला वेसण घातली आणि रोज दोन किलोमीटर चालवणे सुरू केले, तेही डांबरावर नाही. जानेवारीत तो ३० महिन्यांचा होईल तेव्हा त्याचे वीर्य तपासायचे. तोवर त्याला म्हशीवर सोडायचे नाही. पास झाला तर पहिले सहा महिने आठवड्याला एकच म्हैस. जुन्या रेड्याच्या नऊ मुलींना या हंगामात कांड्याच. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, हातात चोळून किंवा खिशात ठेवून नाही. आणि वहीत नवा रकाना: कांडीचा क्रमांक, पारड्याचा जन्म, बापाचे नाव.